'अमेरिकन सायको'मध्ये हसायचं नेमकं कुठे?

प्रश्न विचारणारीने बराच मोठा लिहिलाय, तो थोडक्यात सांगते म्हणजे पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तिचा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, नुकताच फायनान्समध्ये लागलाय, रोज सकाळी डोळ्यांवर बर्फाचा मास्क लावून आरशासमोर उभा राहतो आणि त्याच्या फोनच्या स्क्रीनवर पॅट्रिक बेटमन आहे, म्हणजे 'अमेरिकन सायको'चा नायक, दिवसा वॉल स्ट्रीटवाला आणि रात्री खुनी. हा एवढा कोण लागून गेला म्हणून तिने सिनेमा सोडून डायरेक्ट कादंबरीच हातात घेतली, ब्रेट ईस्टन एलिसची 'अमेरिकन सायको'. शंभर-सव्वाशे पानं नुसते कपडे आणि हॉटेलं, मग एकदम रक्त, आणि निम्म्यावर आल्यावर किळस येऊन पुस्तक पालथं घातलं. आता विचारतेय की लोक याला सटायर, म्हणजे उपरोध, म्हणतात तर यात हसायचं कुठे, त्याने खून खरंच केले की नाही, आणि पुढे वाचू की नको.

मला वाटतं खरा प्रश्न चौथाच आहे, तो तिने मध्येच एका ओळीत लिहून टाकलाय. व्हिजिटिंग कार्डांच्या सीनला मला हसू आलं आणि नंतर स्वतःचीच लाज वाटली, असं ती म्हणते. ताई, तुम्हाला पुस्तक बरोब्बर कळलंय. का ते सांगते.

आधी मी कुठून बोलतेय ते. मी भाषांतर करते, १९ वर्षं झाली. कादंबऱ्या नंतर आल्या, पहिली सहा-सात वर्षं कॅटलॉग आणि जाहिराती केल्या, म्हणजे साड्या, घड्याळं, मिक्सर, मॉड्युलर किचन, मिळेल ते. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने या कादंबरीची नमुन्याची तीस पानं मागितली होती. पुढे ते बारगळलं (हक्कांचं जमलं नाही म्हणाले, नमुन्याच्या मानधनाचंही जमवलं नाही, असो), पण ती तीस पानं करताना मला हे पुस्तक जेवढं कळलं तेवढं आधी दोनदा वाचूनही कळलं नव्हतं. त्यामुळे मी काही समीक्षक म्हणून सांगत नाहीये, इकडचं वाक्य उचलून तिकडे ठेवणाऱ्या हमालाचं हे सांगणं आहे.

पहिल्याच पानाला मला ओळखीचा वास आला. हा आवाज कॅटलॉगचा होता. कॅटलॉगच्या भाषेत क्रियापदं नसल्यात जमा असतात, माणूस नसतो, नुसतं सामान असतं आणि सामानाला चिकटलेली विशेषणं: कापड कुठलं, कॉलर कशी, बटणं किती, बनवलं कुणी. बेटमन एखाद्याला भेटला की आधी त्याचा सूट वाचतो, मग टाय, मग बूट, आणि त्या माणसाचं नाव मात्र हमखास चुकतं. त्यालाही लोक भलत्याच नावाने हाक मारतात, त्याच्याच धंद्यातला पॉल ओवेन तर त्याला शेवटपर्यंत मार्कस हाल्बरस्टॅम नावाचा दुसराच कुणी समजतो आणि तो दुरुस्तही करत नाही. बेटमनचं वय २६, हार्वर्डचा, वॉल स्ट्रीटवर पिअर्स अँड पिअर्समध्ये नोकरी, आणि अख्ख्या पुस्तकात हा माणूस ऑफिसात काम करताना तुम्हाला जवळजवळ दिसत नाही. एलिसने नंतर सांगितलंय की तो वॉल स्ट्रीटच्या पोरांबरोबर हिंडला, पण पैसा नेमका कसा मिळवता हे त्याला कुणी धड सांगेना, सगळे कपड्यांचं आणि हॉटेलांचंच बोलत होते. ती सव्वाशे पानं तुम्हाला बोअर झाली ना, ती तशीच व्हायची आहेत. शिवाय ते कपडे खरोखर अंगावर चढवले तर माणूस विदूषक दिसेल असं एलिस स्वतःच म्हणालाय. फॅशन कळणाऱ्यांना तिथेच हसू फुटतं, मला नव्हतं फुटलं, मला फक्त दम लागला होता.

आता मुद्द्याचं. नमुन्यात मला दोन तुकडे दिले होते. एक कार्डांचा सीन, दुसरा बेघर माणसावरच्या हल्ल्याचा, म्हणजे पुस्तकात रक्त पहिल्यांदा उघडपणे येतं तो. हल्ल्याचा मी आधी केला, म्हटलं अवघड ते उरकून टाकू. दुसऱ्या दिवशी वाचून बघते तर मी 'निर्घृणपणे' असा शब्द घातलेला. मुळात तसं काहीच नव्हतं! हात आपोआप गेला, कारण आपल्या पेपरांनी आपल्याला सवय लावलीय, खून म्हटला की निर्घृण, वार म्हटला की सपासप, घटना म्हटली की काळजाचा थरकाप उडवणारी. तो शब्द खोडला. पुढच्या ओळीत 'बिचारा' सापडला, तोही खोडला. असे सात-आठ शब्द निघाले, सगळे माझे, एकही लेखकाचा नाही. एलिसने ती जागा रिकामी ठेवलीय. सूट जसा सांगितला तसाच सुरा, तसंच कापलं जाणं, त्याच पट्टीत, आणि तो माणूस डोळे फुटून रस्त्यावर पडलेला असताना आपले बेटमनसाहेब मिल्कशेक प्यायला जातात.

मग कार्डांचा सीन घेतला आणि चाटच पडले. खोडलेले सगळे शब्द तिथे होते. चार जण टेबलाभोवती बसून आपापली कार्डं दाखवतायत, रंग बघतायत, टाइप बघतायत, कागदाची जाडी बोटाने चाचपतायत, आणि दुसऱ्याचं कार्ड आपल्यापेक्षा सरस निघालं म्हणून बेटमनला गरगरतं, मन खचतं, मत्सराने पोटात ढवळून येतं. म्हणजे घाबरणं, हादरणं, कळवळणं, माणसाच्या मरणाला जे यायला पाहिजे ते सगळं पुठ्ठ्याच्या एका चौकोनाच्या वाट्याला आलंय, आणि मरणाच्या वाट्याला कॅटलॉग आलाय. सगळा उपरोध एवढाच आहे हो! फक्त हे दोन सीन पुस्तकात एकमेकांपासून इतके लांब ठेवलेत की एक वाचताना दुसरा आठवत नाही. तुम्ही कार्डांना हसलात आणि मग लाज वाटली, म्हणजे तुम्हाला आठवला.

कार्डांच्या सीनमध्ये भाषांतराची एक गंमत आहे, तीही सांगून टाकते. तिथे पांढऱ्याचेच वेगवेगळे प्रकार आहेत. माझं साडी-कॅटलॉगचं भांडवल कामाला आलं: मोतिया, दुधी, सायीचा, हस्तिदंती. पण बेटमनच्या स्वतःच्या कार्डाचा रंग म्हणजे हाड. इंग्रजीत 'बोन' हे रंगाचं नाव म्हणून सहज खपून जातं, कुणाच्या लक्षातही येत नाही. मराठीत 'हाडाच्या रंगाचं कार्ड' लिहिलं की लगेच स्मशान दिसायला लागतं. दोन दिवस घासाघीस केली आणि शेवटी 'बोन'च ठेवलं, कारण लेखकाने ते हाड इतकं बेमालूम लपवलंय तर आपण कशाला चव्हाट्यावर मांडायचं.

दुसरी अडचण याहून मोठी होती. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. वेटरला तेच, होणाऱ्या बायकोला तेच, रस्त्यावरच्या भिकाऱ्याला तेच. मराठीत मला ठरवावं लागणार की बेटमन त्या बेघर अ‍ॅलशी बोलताना 'तू' म्हणेल की 'तुम्ही'. हल्ल्याआधी तो त्याची चांगली विचारपूस करतो, नोकरी का नाही करत वगैरे. 'तू' म्हणवलं तर नुसता माजोरडा श्रीमंत, तसा तर कुठल्याही हिंदी पिक्चरमध्ये मिळतो. 'तुम्ही' म्हणवलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. नमुन्यात 'तुम्ही'च ठेवलं, प्रकाशकाकडच्या संपादकाला ते पटलं नाही, मी अजून माझ्या मतावर आहे.

आपल्याकडे टोमण्याची परंपरा जबरदस्त आहे, पण आपला टोमणा डोळा मारून येतो. 'वा, फारच हुशार तुम्ही' म्हटलं की समोरच्याला कळतं, आजूबाजूच्यांना तर आधी कळतं. एलिस डोळा मारत नाही. म्हणून इतकी माणसं फसली, आणि फसणाऱ्यांत साधे वाचक होते तसेच मोठे मोठे लोकही होते. सायमन अँड शूस्टर या प्रकाशन संस्थेने ३ लाख डॉलर अ‍ॅडव्हान्स देऊन पुस्तक घेतलं होतं, पण आधीच फुटलेल्या उताऱ्यांवरून मासिकांत बोंबाबोंब झाली आणि नोव्हेंबर १९९० मध्ये, छपाई तोंडावर असताना, त्यांनी हात वर केले. मग ते उचललं व्हिंटेज या दुसऱ्या प्रकाशनासाठी सनी मेहतांनी, हो, आपले दिल्लीत जन्मलेले, नंतर न्यूयॉर्कच्या प्रकाशनाच्या धंद्यातलं फार मोठं नाव झालेले, आणि मार्च १९९१ मध्ये थेट पेपरबॅक आलं. लॉस एंजेलिसमधल्या स्त्री-संघटनेने बहिष्काराची हाक दिली, जर्मनीत काही वर्षं ते अल्पवयीनांसाठी घातक पुस्तकांच्या यादीत होतं, ऑस्ट्रेलियात प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करून १८ वर्षांवरच्यांनाच विकायचा नियम झाला. लेखक तेव्हा जेमतेम २७ वर्षांचा, म्हणजे जवळजवळ त्याच्या खुन्याच्याच वयाचा.

आता विरोध करणाऱ्या सगळ्यांना मूर्ख म्हणायला मी तयार नाही. पुरुषांचे खून या पुस्तकात लवकर उरकतात आणि बायकांचे पानंच्या पानं चालतात, हे मोजून बघा. काही जण म्हणतात तोच तर मुद्दा आहे, बेटमनला बाई म्हणजे माल, आणि सगळ्यात भयंकर प्रकरणांची नावंसुद्धा नुसती 'गर्ल', 'गर्ल्स' अशी, मालावरच्या लेबलासारखी आहेत. पटतं मला हे. तरी त्यातली दोन प्रकरणं मी आजतागायत पूर्ण वाचलेली नाहीत, अख्खं पुस्तक मिळालं असतं तर ती कशी केली असती मला माहीत नाही, कदाचित म्हणूनच बारगळलं तेव्हा आतून थोडं बरंही वाटलं होतं.

खून खरे की खोटे? याचं उत्तर थोडं तुम्ही कशाला पुरावा मानता त्यावर आहे. खोटे म्हणायला भरपूर मसाला आहे. पुस्तकाच्या शेवटाकडे टीव्हीवर नाश्त्याच्या सीरियलच्या एका दाण्याला छोट्या खुर्चीत बसवून मुलाखत घेतात, बागेतलं बाकडं सहा चौक बेटमनच्या मागे चालत येतं, आणि पोलिस पाठलाग करतात त्या प्रकरणात तर चालू वाक्यातच 'मी'चा 'पॅट्रिक' होऊन जातो, जणू तो स्वतःलाच सिनेमात बघतोय. खरे म्हणायला एक टॅक्सीवाला आहे, तो ह्याला ओळखतो, तू माझ्या टॅक्सीवाल्या मित्राला मारलंस म्हणतो, आणि पोलिसात वगैरे न देता त्याचं रोलेक्स आणि गॉगल काढून घेऊन सोडून देतो.

पण मला विचाराल तर सगळं पुस्तक एका फ्लॅटच्या सीनमध्ये आहे. तिथपर्यंत तुम्ही पोचलेल्या नाही, सांगितलं तर चालेल ना? चालेल असं धरते. बेटमन पॉल ओवेनला मारतो, नंतर त्याच्या फ्लॅटमध्ये आणखी दोघींना मारून तिथेच टाकून येतो. १६१ दिवसांनी परत जातो तर फ्लॅट चकाचक, सगळीकडे फुलं, गुलाबांचा नुसता घमघमाट, आणि इस्टेट एजंट बाई गिऱ्हाइकाला जागा दाखवतेय. ती ह्याला विचारते, टाइम्समधली जाहिरात बघून आलात का. हा हो म्हणतो. ती म्हणते, टाइम्समध्ये जाहिरात दिलीच नव्हती. आणि मग शांतपणे सांगते की इथून जा, गडबड करू नका, परत येऊ नका.

आता बघा, प्रेतं होती की नव्हती हे कळायला इथे काहीच मार्ग नाही. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर मला तरी स्वच्छ दिसतं की तिला काहीतरी माहितीय आणि तिला फक्त जागेचा भाव सांभाळायचाय. मुंबई-पुण्यात ज्यांनी कधी रीसेलचा फ्लॅट बघितलाय त्यांना हे वेगळं समजावायला नको, आदल्या घरात काय झालं होतं ते वॉचमन सांगतो, एजंट कधीच सांगत नाही. पुढे बेटमनच्या वकिलाचा, कार्न्सचा, सीन येतो. बेटमनने रात्री घाबरून त्याच्या आन्सरिंग मशीनवर सगळ्या खुनांची कबुली दिलेली असते, आणि वकील ती जोक समजून हसतो, त्याला भलत्याच नावाने हाक मारतो, बेटमन असलं काही करायची हिंमतच नसलेला माणूस आहे असं बेटमनलाच तोंडावर सांगतो, वर म्हणतो पॉल ओवेनबरोबर तर मी दहाच दिवसांपूर्वी लंडनमध्ये दोनदा जेवलो. पण ज्या पुस्तकात कुणीच कुणाला ओळखत नाही तिथे वकिलाने लंडनमध्ये नेमक्या कुणाबरोबर जेवण केलं हे कोण सांगणार? ही कबुली ऐकून घेणारं कुणी असतं तर ही क्राइम स्टोरी झाली असती. कुणीच ऐकत नाही म्हणून ती कॉमेडी आहे, काळीकुट्ट. कुणी विचारलं काय करतोस तर हा 'मर्डर्स अँड एक्झिक्यूशन्स' (खून आणि देहदंड) म्हणतो आणि समोरच्याला 'मर्जर्स अँड अ‍ॅक्विझिशन्स' (कंपन्या जोडणं आणि विकत घेणं) ऐकू येतं. यावर मी मराठीत तीन दिवस डोकं फोडलं, जमलं नाही, दोन्ही इंग्रजीच ठेवावं लागलं असतं.

सिनेमाबद्दल जास्त नाही लिहीत. २००० सालचा, मेरी हॅरनचा, पटकथा तिची आणि ग्विनव्हिअर टर्नरची, म्हणजे दोन बायकांनी हे पुस्तक हातात घेतलं आणि रक्त कमी करून मूर्खपणा वर आणला, माझ्या मते फार हुशारीने. शेवट बघून लोकांना सगळं स्वप्नच वाटलं याची मात्र हॅरनला नंतर खंत होती. आणि बेटमन झालेला ख्रिश्चन बेल दिसतो देखणा, शरीर कमावलेलं, तिथेच घोळ झाला. पुस्तकात बेटमनचं शरीर तुम्हाला दिसत नाही, त्याची यादी दिसते. पडद्यावर शरीर दिसतं, आणि रील कापणाऱ्याने तेवढेच वीस सेकंद घेतले की उपरोध कापला जाऊन नुसतं मॉडेलिंग उरतं. तुमचा भाऊ त्या वीस सेकंदांच्या प्रेमात आहे. त्यावरून त्याच्याबद्दल लगेच काही वाईट मनात आणू नका, मी कॅटलॉग लिहायचे तेव्हा मलाही त्यातलं किचन हवं असायचं.

वाचू की नको, हे तुमच्यावर आहे. रात्री झोपेचा त्रास होत असेल, किंवा तुमच्या स्वतःच्या आयुष्यात असलं काही घडून गेलं असेल, तर सरळ ठेवून द्या, पुस्तक पूर्ण न करणं हा गुन्हा नाही. नाहीतर माझा रस्ता सांगते. 'गर्ल' नाव असलेली प्रकरणं उडवा, कुत्र्याचं आणि प्राणिसंग्रहालयातल्या मुलाचंही उडवा, नावावरूनच कळतात. संगीतावरची तीन प्रकरणं आहेत, जेनेसिस, व्हिटनी ह्यूस्टन आणि ह्युई लुईसची, ती आधी उडवावीशी वाटतील पण उडवू नका, कॅसेटच्या कव्हरवरचा मजकूर पाठ केलेल्या माणसासारखा तो तिथे बोलतो आणि ती बहुतेक जागांना एखाद्या भयंकर प्रकरणाला लागून ठेवलीत. त्यानंतर फ्लॅट, वकील, टॅक्सीवाला, आणि शेवटचं पान. एका रविवारचं काम आहे.

भावाशी वाद घालू नका, हरवाल, रीलच्या बाजूने म्युझिक असतं. त्याला फक्त टॅक्सीवाल्याचं प्रकरण वाचायला द्या, आणि विचारा की घड्याळ गेल्यावर हा हिरो काय करतो.

शेवटच्या पानाचं तेवढं राहिलं. पुस्तक सुरू होतं तेच मुळी बँकेच्या भिंतीवर रक्तासारख्या लाल अक्षरांत लिहिलेल्या ओळीने, नरकाच्या दारावरच्या, आत येणाऱ्याने आशा सोडून द्यावी अशा अर्थाच्या. आणि संपतं एका हॉटेलातल्या दारावरच्या पाटीने, की इथून बाहेर जाता येत नाही. नमुन्यात ती पाटी नव्हती तरी मी ती करून ठेवलीय. पहिल्यांदा लिहिलं 'इथून सुटका नाही', वाचलं तर नाटकाचा तिसरा अंक वाटला. मग एक दिवस दादर स्टेशनला पुलावर उभी असताना समोर रेल्वेची पाटी दिसली, 'बाहेर जाण्याचा मार्ग', तिच्यात फक्त एक 'नाही' घातला. प्रकाशकाला कळवलं नाही, त्या फाइलमध्येच आहे.